सतरा सेंटिमीटर

आमच्याकडे वकिलांचा वेळ
सहा-सहा मिनिटांत कापतात. मी तो मोजते,
रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
खाली कोठीकडे वळणाऱ्या रिक्षांची कटकट.
फोन, बारा. मसुदा, चोपन्न.
खिडकीत उभं राहून विचार केला, सहा.
हेही लावतात, हुशार असले तर.

ही फाइल आली तेव्हा केयूरभाई म्हणाले,
"शिर्केबेन, आना पैसा नथी लेवाना. प्रो बोनो."
लॅटिन आहे म्हणे. हिताकरता.
रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला,
फुकट म्हण की.

पण संगणक शून्य घेईना.
दराच्या रकान्यात काहीतरी टाका, म्हणून अडून बसायचा.
मग मी एक रुपया लावायचे
आणि खाली लिहायचे: सवलत, एक रुपया.

कंटेनर दशरथच्या डेपोत अडकलेला.
(दशरथ इथे गावाचं नाव आहे.)
आत नऊशे पाय, लहान मुलांचे, रबराचे,
नॉर्वेतल्या कुठल्याशा संस्थेनं धाडलेले,
आणि कुणा भल्या माणसानं
एकेका पायाला एकेक बूटही चढवलेला.
तिथेच घोटाळा.
कस्टमच्या साहेबांना बूट दिसले.
त्यांनी लिहिलं: पादत्राणे. जोडीने नाहीत, सबब संशयास्पद.
जकात भरा, दंड भरा,
डेपोचं रोजचं भाडं भरा.

ऋजुता फणसे आमच्यात सगळ्यात धाकटी.
तीन रात्री बसून तिनं उत्तर लिहिलं, त्यात एक वाक्य:
पायात बूट घातला म्हणून पायाचा बूट होत नाही.
केयूरभाईंनी ते खोडलं, तिथे पोटकलम घातलं.
तिनं पुढच्या अर्जात परत लिहिलं.
मी नोंदलं, तीनशे साठ मिनिटं.
खोडलेल्या वाक्याची मिनिटं वजा करायची का,
कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

अमदाबादला तारखा पडत राहिल्या.
एकदा साहेब रजेवर. एकदा साहेबांची बदली.
एकदा आम्ही पोचेपर्यंत फाइलच वडोदऱ्याला निघालेली.
नॉर्वेची बाई रात्री पडद्यावर येऊन विचारायची, कधी?
ऋजुता म्हणायची, लवकर.
ते 'लवकर' मी दर वेळी सहा मिनिटांत बसवलं.

चौदा महिने.
दशरथाच्या दारातून चौदा वर्षांच्या आत
कोण सुटतं, असं पट्टेवाले मोहिते म्हणाले
आणि स्वतःच हसले.
आदेशात, अकराव्या परिच्छेदात, ते वाक्य जसंच्या तसं होतं,
आता साहेबांच्या नावावर.
केयूरभाईंनी सगळ्यांना शेव-उसळ खिलवली.
ऋजुतानं परिच्छेद दोनदा वाचला
आणि तिखट लागलं म्हणून डोळे पुसले.

रविवारी ती छोटाउदेपुरला शिबिराला गेली.
सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.
रेवली राठवा, तिनं सांगितलं,
यादीत सतरावर खूण होती. मापं घेतली तेव्हा होतीच सतरा.
आता चांगला पाय एकोणीस भरला.
डब्यात एकोणीसचे मोजके, ते आधीच संपलेले.
मग?
मग काय. पोरीनं सतराचा पाय हातात घेऊन उलटापालटा केला,
बूट ओढून काढला, आत डोकावली,
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,
मी मोठी झाले.
ऐटीत म्हणाली हो, शिर्केबेन. ऐटीत.

तिनं नवं पत्र लिहायला घेतलंय.
एकोणीस, वीस, एकवीस. शक्य तर बावीसही.
आणि खाली ठळक: कृपया बूट घालू नका.
मी नवा क्रमांक उघडला. दर, एक रुपया. सवलत, एक रुपया.
तिच्या रविवारचे आठ तास तिनं लिहिले नव्हते,
ते मी लिहिले.

नंतर खिडकीत जाऊन उभी राहिले जरा वेळ.
त्याचं काय करायचं
अजून ठरलेलं नाही.